धुरा नसलेली जमीन

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळच्या चहाला, मेहकरच्या घराच्या ओट्यावर माणशी एकवीस हजार सहाशे रुपये हा आकडा ठरला. हजर चौघे होते: घरमालक, त्यांच्या पत्नी म्हणजे आमच्या काकू, साखरखेर्ड्याहून पहिल्या एसटीने आलेले घरमालकांचे मित्र गुरुजी आणि मी. मेहकरहून अंदमानला जाणे, तिथल्या एका लहान बेटावर दोन रात्री राहणे, खाणे, बोटी आणि परत येणे, एवढे सगळे त्या आकड्यात होते. खरेदी धरली का, असे काकूंनी विचारले. घरमालक म्हणाले, "तिथं समुद्र विकत भेटत नाही. बाकी सारं मेहकरात भेटते."

आकडा पहिल्यांदा ठरत होता असे नाही. मी त्यांच्याकडे दोन खोल्यांत भाड्याने राहायला आलो तेव्हापासून तो दरवर्षी दिवाळीनंतर ठरायचा आणि होळीच्या आत मोडायचा. दर वेळी थोडा वाढायचा. मी एका शिक्षणसंस्थेच्या हिशेब विभागात नोकरीला, त्यामुळे आकडे तपासायचे काम माझ्याकडे यायचे. त्यांच्या बेरजेत मला कधी चूक सापडली नाही. चूक सापडावी असे मात्र मला वाटायचे, कारण मग आणखी एक संध्याकाळ त्यांच्याबरोबर बसता आले असते.

घरमालकांना मी काका म्हणायचो. गाव त्यांना मोजणीसाहेब म्हणायचे. सगळी नोकरी त्यांनी जमिनी मोजण्यात घालवली होती. दोन शेतांच्या मधला जो बांध असतो त्याला आमच्याकडे धुरा म्हणतात, आणि धुऱ्यावरून भाऊ भावाशी बोलत नाही, सुनेला माहेरच्या वाटेने जाऊ देत नाहीत, मयतीलाही लोक जात नाहीत. काका अशा धुऱ्यांवर उन्हात उभे राहून म्हातारे झाले. बीबी गावाकडच्या एका शेतात त्यांनी तीनदा हद्दीचा दगड रोवला होता. "दगडाले पाय असतात बाबू," ते मला सांगायचे. "पेरणीच्या आधी एका बाजूनं सरकते, काढणीच्या आधी दुसऱ्या बाजूनं. त्याचंही बिचाऱ्याचं चुकत नाही. दोन्हीकडून ढकलून राह्यले त्याले."

अंदमानच का, हे मी त्यांना एकदा विचारले होते. महाबळेश्वर आहे, गोवा आहे. तेव्हा ते बराच वेळ पायाच्या अंगठ्याने ओट्यावरची माती एका रेषेत ओढत बसले.

"खरेदीखत पाह्यलं तू? त्यात चतुःसीमा लिहितात. पूर्वेस अमुकचे शेत, पश्चिमेस तमुकचे. लिहून लिहून माहा हात दुखला. मले अशी जमीन पाह्याची आहे जिच्या चारी बाजूले कोनाचंच नाव लिहाचं काम नाही. पूर्वेस समुद्र, पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस समुद्र, उत्तरेस समुद्र. झालं खत. धुराच नाही त्या जमिनीले."

"पण काका, अंदमानात मोठी गावं आहेत."

"म्हनून तं लहान बेट पाह्यजे. एका दमात सारं दिसलं पाह्यजे."

बेट हा शब्दही आमच्याकडे सरळ चालत नाही. मोंढ्यातल्या एका दुकानदाराला काका म्हणाले, आम्ही बेटावर चाललो, तेव्हा त्याने विचारले, "कोन्या बेटावर? बांबूच्या? इळा घेऊन जा मंग." त्यावर दुकान हसले. काकाही हसले, पण घरी येताना मला म्हणाले, "यानं समुद्र पाह्यला नाही. आपनही नाही पाह्यला. फरक एवढाच का त्याले नाही पाह्याचा."

स्वस्तात बेट कसे पाहावे याबद्दलचे त्यांचे नियम ओट्यावर येणाऱ्या प्रत्येकाला ऐकावे लागत. सुट्ट्यांत जायचे नाही, होळी झाली की दर उतरतात तेव्हा जायचे. बेटावर खासगी बोट भपकेदार असते आणि तिप्पट घेते. सरकारी बोट हळू जाते, पण डेकवर उभे राहू देते. तेव्हा तिच्या तिकिटाच्या खिडकीवर सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन उभे राहायचे. जेवायचे तिथे, जिथे जीपचे ड्रायव्हर जेवतात. स्कूटर नाही, सायकल. समुद्राकडे तोंड असलेली खोली घ्यायची नाही. "रात्री खोलीतून काय दिसते? अंधार. अंधाराचे जास्तीचे पैसे कायले द्याचे?" शंख-पोवळी उचलायची नाहीत, विमानतळावर काढून घेतात. रोख पैसे सोबत न्यायचे, कारण तिथे मोबाइलवरून पैसे जातीलच असे नाही. आणि बोट कधीही रद्द होऊ शकते, म्हणून परतीच्या विमानाआधी एक राखीव दिवस ठेवायचा. हा राखीव दिवस त्यांनी कितीही काटकसर झाली तरी आकड्यातून कधी काढला नाही.

एक नियम त्यांच्या नोकरीतून आलेला होता. घरातून निघाले की थर्मास खांद्याला. बाहेर कुणाचा चहा घ्यायचा नाही. मोजणीला गेल्यावर त्यांनी वादातल्या कुठल्याच पक्षाचा चहा कधी घेतला नव्हता. "चहा घेतला का धुरा सरकते. दगडाहूनही लवकर."

पण सगळ्यात मोठा नियम चौघांचा. बेट परवडायचे तर माणसे चारच हवीत, असे त्यांचे पक्के मत. टॅक्सीत चार जागा. लॉजमध्ये दोन खोल्या. तिघे गेले तर एक जागा रिकामी जाते, पाच झाले की दुसरी टॅक्सी करावी लागते. काका, काकू आणि गुरुजी हे तीन ठरलेले. चौथा दरवर्षी नवा असायचा आणि दरवर्षी गळायचा. एकाच्या मुलीचे लग्न ठरले. एकाचा सोयाबीनचा पैसा अडकला. एकाला त्याच्या आईने पाण्यावर न जायची शपथ घातली. मग महामारीची दोन वर्षे गेली. चौथा गळला की काका संध्याकाळी ओट्यावर जरा लवकर यायचे, थर्मासमधला चहा मला द्यायचे आणि विचारायचे, "बाबू, तुह्या ध्यानात कोनी आहे?"

लोणारची गंमत त्याच काळातली. चौथा माणूस गळतो याचे कारण त्याची आधी पारख होत नाही, असे त्यांनी ठरवले आणि रंगीत तालीम काढली. एका रविवारी काका, त्या वर्षीचा चौथा, म्हणजे पंचायत समितीतले एक शिपाई, गुरुजी, काकू आणि हिशेब ठेवायला मी, असे सगळे भरलेल्या बॅगा घेऊन मेहकरहून लोणारला एसटीने गेलो. बॅगा आदल्या दिवशी अडत्याच्या काट्यावर तोलून झाल्या होत्या. विमानात हातातल्या बॅगेला सात किलोची मर्यादा. गुरुजींची बॅग जड निघाली. उघडली तर तळाशी तुरीची डाळ.

"गुरुजी, हे काय?"

"साहेब, तिकडं मासे खातात. माह्या पोटाचा काय भरोसा?"

"डाळ तिकडंही भेटते ना!"

"भेटत असन. शिजन का नाही, ते कोन सांगन?"

सरोवराच्या काठावरून आम्ही बॅगा घेऊन खाली उतरलो. पाण्याला तो उग्र वास होताच. शिपाई नाक धरून म्हणाले, समुद्राला असाच वास असला तर मी येत नाही. ते तिथेच बाद झाले. काका मात्र पाण्याशी उभे राहून चारी बाजूंच्या कड्याकडे हात फिरवत होते. "पाहून घ्या," ते म्हणाले. "इथं पान्याच्या चारी बाजूनं जमीन आहे. आपल्याले उलटं पाह्याचं आहे."

काकू एका दगडावर बॅग घेऊन बसल्या होत्या. "उलटं, सुलटं," त्या म्हणाल्या, "पान्यात पाह्यासारखं काय असते हो? पान्यात पानीच असते." त्या येणार होत्या ते केवळ चार भरावेत म्हणून. हे त्या सगळ्यांना सांगायच्या.

काका जाऊन आता काही वर्षे झाली. मी मेहकर सोडले, बुलडाण्याला घर बांधले. घराला ओटा केला आहे, पण त्यावर बसून कुणी बेरीज करत नाही. वर्तमानपत्रात सहलीची जाहिरात आली की मी आधी माणशी आकडा पाहतो, मग त्यात राखीव दिवस धरला आहे का ते पाहतो. धरलेला नसतो. मग मला कुणाला तरी ते सांगावेसे वाटते आणि सांगायला कुणी नसते. आमच्या घरात मीच काटकसरी म्हणून प्रसिद्ध आहे, पण काकांची काटकसर वेगळी होती. ती कुठे तरी पोचण्यासाठी होती. माझी नुसती शिल्लक राहते.

चौथा मी झालो, त्याचे कारण काकांचे डोळे. काचबिंदू होता. उशिरा कळला. आधी त्यांना शेजारून जाणारा माणूस दिसेना, मग ताटाच्या कडेची चटणी दिसेना. डॉक्टरांनी सांगितले, नळीतून पाहिल्यासारखे दिसेल आणि नळी बारीक होत जाईल. ते घरी आले, ओट्यावर बसले. मी काही तरी धीराचे बोलायला लागलो तर म्हणाले, "मले चारी बाजू पाह्याच्या होत्या, अन् हे बाजूच घेऊन राह्यलं."

त्या रात्री माझी पत्नी म्हणाली, "मुलाची दहावी आहे, मला येता येत नाही. पण तुम्ही जा. आता जर चौथा गळला तर मी या घरात काकूंकडे कोणत्या तोंडाने पाहू?" मी मुलाच्या शिकवणीचे पैसे बाजूला काढून पाहिले, दिवाळीचा बोनस धरला. बसत होते. म्हणून त्या रविवारच्या बैठकीत मी हिशेबनीस म्हणून नव्हतो. चौथा म्हणून बसलो होतो.

होळी झाली आणि आम्ही खरोखर निघालो. अकोल्यापर्यंत एसटी, पुढे दोन रेल्वे बदलून चेन्नई, तिथून विमान. गुरुजी प्रत्येक वाहनात बसताच झोपायचे. काकू प्रत्येक वाहनात धपाटे काढायच्या. काका खिडकीला नळीसारखे डोळे लावून बसायचे आणि काही दिसले की मला विचारायचे, ते काय होते.

लहान बेटावर सरकारी बोटीने उतरलो. तिथली वस्ती बंगाली, सगळे शेतकरी. नारळ, सुपारी, भाजीपाला. रस्त्याच्या आतल्या बाजूला, समुद्र न दिसणारी दोन खोल्यांची जागा मिळाली. मालकीण चाळिशीची बाई. आम्ही दमलेलो, तिने कपभर लाल चहा पुढे केला आणि काकांनी तो घेतला. मी पाहतच राहिलो. ते हळूच म्हणाले, "इथं कोनाची मोजणी आहे?"

संध्याकाळी ते मला घेऊन निघाले. बेटाच्या कडेकडेने जेवढे चालता येईल तेवढे चालायचे, असा बेत होता. घराच्या मागून नारळाच्या रांगांतून वाट जात होती. तिथे आरडाओरडा ऐकू आला. आमची मालकीण आणि तिचा दीर एका तारेच्या कुंपणाच्या दोन बाजूंना उभे होते. भाषा कळत नव्हती, पण मला सांगायची गरज पडली नाही. दिराने एक खांब हाताने हलवून दाखवला, बाईने जमिनीवर पायाने रेघ मारली.

काका थांबले. अंगावरचा शर्ट कुणी मागून ओढावा तसे थांबले.

"धुरा," ते म्हणाले. "बाबू, धुरा आहे हे."

मागून गुरुजी आले आणि त्यांच्या हिंदीत, अगदी चांगल्या मनाने, बोलून गेले, "अरे भाई, झगडा मत करो. ये हमारे साहब सरकारी मोजणीवाले हैं."

दोघेही एकदम काकांकडे वळले. दीर हात जोडून हिंदीत म्हणाला, "बाबू, नाप दीजिए. जो आप बोलेंगे, मान लूँगा." बाईनेही मान हलवली. तिला खात्री असावी, कारण पाहुणा तिच्या घरचा होता.

काका म्हणाले, "मुझसे नहीं होगा. मैंने इनकी चाय पी है."

त्या दोघांना ते कळले नाही. गुरुजी म्हणाले, "अहो, एका कपानं काय होते?" पण काका वळले होते. समुद्र शंभर पावलांवर होता, ते तिकडे गेले नाहीत. खोलीत येऊन त्यांनी थर्मास धुऊन उपडा ठेवला आणि बॅग भरायला घेतली.

"काका, उद्याचा पूर्ण दिवस आहे आपला."

"झालं पाहून. उद्या दुपारच्या बोटीनं निघू. इतकी वर्षं मी या लोकायचं डोकं खाल्लं." मग ते शर्टाची घडी करत म्हणाले, "जिथं दोन मानसं आहेत तिथं दगड आहे. मले हे नोकरीतच कळालं पाह्यजे होतं."

मी त्या रात्री परतीचा हिशेब लावला. एक रात्र वाचत होती, पण मला तो आकडा त्यांना सांगावासा वाटला नाही.

सकाळी काकू खोलीत नव्हत्या. शोधत आम्ही किनाऱ्यावर गेलो. पाणी ओसरलेले होते आणि उथळ पाण्यात, लुगड्यासकट, काकू बसलेल्या होत्या. पाय पुढे पसरून, जशा त्या अंगणात शेंगा निवडायला बसत तशा. लाट यायची, कमरेपर्यंत भिजवून परत जायची.

काका किनाऱ्यावरून ओरडले, "अवो, काय करून राह्यल्या? बोट आहे दुपारची! बॅग भरा!"

"तुम्ही जा."

"म्हंजे?"

"म्हंजे तुम्ही जा बोटीनं. मी नाही येत. माहे गुडघे इतक्या वर्षांत आज दुखून नाही राह्यले."

"मी म्हनलो ना, इथंही धुरे आहेत. पाह्यासारखं काही नाही."

काकूंनी मागे वळूनही पाहिले नाही. "तुम्ही जमिनीकडं तोंड करून उभे आहे. पान्याकडं तोंड करा."

गुरुजी हसले. काका पँट दुमडून पाण्यात शिरले. त्यांना लाट येताना दिसत नव्हती, त्यामुळे प्रत्येक लाटेला ते दचकत होते. मी हात धरायला पुढे झालो, पण काकूंनी आधीच हात वर केला होता. काकांनी तो धरला आणि ते त्यांच्या शेजारी, कपड्यांसकट, पाण्यात बसले. मी दोन पावले मागे उभा होतो, त्यामुळे ऐकू आले.

"काय दिसते?" काकांनी विचारले.

"पानी."

"त्याच्या पलीकडं?"

"पानीच."

"नीट पाह्य. त्याच्या पलीकडं कोनाचं काही आहे का?"

काकूंनी कपाळावर हात धरून पाहिले. घाई केली नाही. आमच्यासाठी मेथी निवडतानाही त्या एवढा वेळ लावत.

"काईच नाही," त्या म्हणाल्या. "कोनाचंच नाही."

"इकडच्या बाजूनं?"

"इकडंही नाही."

लाट आली, काकांच्या छातीपर्यंत चढली, आणि या वेळी ते दचकले नाहीत. गुरुजी वाळूवर बसले. दुपारी बोटीचा भोंगा वाजला तेव्हा आम्ही चौघेही पाण्यात होतो, आणि गुरुजी तर झोपायचेही विसरले होते.

ठरलेली दुसरी रात्र राहिलो आणि परतीचा राखीव दिवसही आम्ही तिथेच वापरला. काकांनी त्याबद्दल मला एका शब्दानेही विचारले नाही. माझ्या मनात आकडे फिरत होते, ते मी फिरू दिले. त्या दिवशी संध्याकाळी मालकीण दारात आली, आणखी एक रात्र राहणार का म्हणून विचारायला. मी पाकीट काढत होतो. काकूंनी माझा हात बाजूला केला. ओल्या लुगड्याच्या घडीत बांधलेला बटवा सोडला, आतले पैसे जरा ओले झाले होते, आणि दोन खोल्यांचे एका रात्रीचे अठराशे रुपये त्यांनी स्वतःच्या हाताने त्या बंगाली बाईला दिले.